हळदीचं धान

शुक्रवार दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. शनिवारची शाळा सकाळची, आणि तिचे शेवटचे दोन तास चित्रकलेचे. आठवडाभर मी तिसरी-चौथीला पाढे, शुद्धलेखन, परिसर अभ्यास असं सगळं इमानेइतबारे शिकवायची, पण खरं सांगायचं तर ते पगाराचं काम होतं. मला शिकवायचं होतं ते शनिवारी. नागपूरहून चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा घेऊन आले, त्या जागा काही निघाल्या नाहीत, म्हणून मग डी.एड. केलं आणि प्राथमिक शाळेत येऊन पडले. आजूबाजूच्या शाळांत वेळापत्रकाच्या चौकटीत ‘चित्रकला’ लिहून गणितं सोडवत. मी ते दोन तास घ्यायची म्हणजे घ्यायची, आणि त्यावरून कुणी काही बोललं की माझ्या डोक्यात राख जायची.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ऑफिसातल्या भिंतीवर नकाशा जुनाच होता. मुख्याध्यापकांनी त्यावर निळ्या स्केचपेनने रेघ ओढून पलीकडचा भाग वजा केला होता. रेघही धड सरळ नाही, धड नदीसारखी नाही. रोज सही करताना ती मला खुपायची. शिक्षक भेटले की दुसरा विषय नसायचा: कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, कुणाची बायको पलीकडे नोकरीला आहे. मी भंडाऱ्याला खोली करून एकटी राहायची, एसटीने यायची, शहापूर मागे पडलं की फाट्यावर उतरून गावात चालत जायची. माझं कुठेच काही अडकलेलं नव्हतं. ‘तुम्ही कुठं राहणार, बाई?’ असं कुणी विचारलं की मला सांगता यायचं नाही, आणि सांगता येत नाही म्हणून मी आणखी चिडायची.

पोरांच्या चित्रांवरही मी चिडायची, सुरुवातीला तर फारच. चित्र काढा म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड. अख्खा वर्ग तेच काढायचा. मी विचारायची, ‘तुमच्या गावात नारळाचं झाड कुठे आहे रे?’ पोरं विचारात पडायची. एकाने शेवटी सांगितलं, ‘बाई, देवळात नारळ रायते.’

मग मी फळ्यावर काही काढून दाखवायचं बंद केलं आणि वर्गाला दाराबाहेर बसवलं. समोर जे दिसतं ते काढा म्हटलं. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे तलावाची पाळ, आणि लांब हायवेवरून जाणारे ट्रक. रंगांचा प्रश्न होताच. खडूच्या डब्या दोघातिघांकडे, त्यातही पिवळा आणि लाल घासून संपलेले. मी म्हटलं, घरून आणा. पोरांनी चुलीतला कोळसा आणला, गेरू आणला, कपड्याला घालायची नीळ आणली, वालाच्या पाल्याचा रस काढला आणि स्वयंपाकघरातून हळद पळवली. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात हे सगळं कालवायचं, कडुलिंबाच्या काड्या ठेचून त्यांचे ब्रश करायचे. शनिवारी आमचा वर्ग घराच्या मागच्या अंगणासारखा दिसायचा आणि माझं डोकं आठवड्यात पहिल्यांदा शांत व्हायचं.

मुख्याध्यापकांचं डोकं मात्र नेमकं तेव्हाच उठायचं. माणूस वाईट नव्हता. बारव्हा-लाखांदूरकडचे, तोंडाने मऊ, आणि साहेब लोकांना भयंकर घाबरणारे. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आमच्या शाळेचं कुणी लागलं नव्हतं, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांना माझे दोन तास शिष्यवृत्तीच्या गणितांसाठी हवे होते.

‘बाई, हळद-कुंकवानं कोणी पास होते का?’ ते म्हणायचे.

‘गणितानं तरी कुठं झालं?’ मी म्हणायची. पण ते विषय सोडायचे नाहीत.

पावसाळा सरला, धान पिकायला आलं, आणि वरून निरोप आला की सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब शाळा पाहायला येणार. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणीच पळालं. संडासाला दार नाही, पटांगणात गवत वाढलेलं, आणि समोरच्या व्हरांड्याची लांब भिंत कोरी. तेव्हा शाळेच्या भिंती बोलक्या करायच्या अशी टूम होती. बाराखडी, पाढे, फळं, पक्षी, सगळं भिंतीवर हवं. पेंटर काही आठवडाभरात येणार नव्हता. मला संधी दिसली.

‘सर, ती भिंत पोरांना द्या,’ मी म्हटलं. ‘आमच्या रंगांनी आमचं गाव काढतो.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘अन् बिघडलं तं?’

‘नाही बिघडणार.’

‘बाई, मी साफ सांगतो. सायबायनं मान डोलावली तं तुमचे तास तुमचे, मी पुन्हा नाव घेणार नाही. अन् बिघडलं तं दोन्ही तास शिष्यवृत्तीले. मंजूर?’

मी मंजूर म्हटलं, आणि हे बोलणं मी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. पोरांपासून काही लपवायची मला सवय नाही. आपल्या चित्रकलेचा तास या भिंतीवर आहे, असं म्हटल्यावर वर्ग एकदम सरळ बसला.

आठवडा नुसता धावपळीत गेला. भिंत केवढी, तिचे भाग कसे पाडायचे, हे पोरांनीच सुतळी धरून ठरवलं. वरच्या पट्टीत हायवे, मधे तलाव, खाली अर्धी भिंत पिकलेलं धान. कडेने काठ हवा असं कोष्ट्यांच्या एका पोराचं म्हणणं पडलं, कारण काठ नाही तर लुगडं कसलं. मला ते पटलं. त्याच्या घरी मागावर जसा काठ निघायचा तसा गेरूचा काठ आम्ही ठरवला. शाळेच्या मागे खिचडीची खोली होती, तिच्या पांढऱ्या मातीने सारवलेल्या जुन्या भिंतीवर आम्ही सगळे रंग लावून पाहिले. गेरू बसला, नीळ जरा फिकी पडली, हळद मात्र अशी उठली की पोरांनी टाळ्या पिटल्या. हुबेहूब पिकलेलं धान. मी त्या दिवशी एसटीत स्वतःशीच हसत होते. शेजारच्या बाईने मला दोनदा वळून पाहिलं.

धान कुणी रंगवायचं, यावरून भांडण झालं. शेवटी तिसरीतली एक मुलगी सगळ्यांना बाजूला सारून पुढे आली. विहाराच्या मागे राहायची. बाप तुमसरला राईस मिलमध्ये, सुट्टीला घरी येणारा. आई रोवणी-कापणीला जाणारी. मुलगी अशी की एका जागी बसली तर शपथ. बोलताना पायाचा अंगठा जमिनीत फिरवत राहायची, पेन्सिल चावून चावून तिचा कुंचा करायची. मी तिच्यावर सर्वांत जास्त ओरडायची आणि ती मला सर्वांत जास्त आवडायची. तिला काय हवं ते तिला लगेच हवं असायचं, आणि ते मला कळायचं.

‘धान मी करतो,’ ती म्हणाली. ‘माही माय रोवते, मले मालूम आहे कसं रायते तं.’

शनिवारी सकाळी मी फाट्यावरून जवळजवळ पळतच शाळेत आले, आणि व्हरांड्यात पाय टाकला तर भिंत लख्ख पांढरी. मुख्याध्यापक कमरेवर हात ठेवून उभे, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद.

‘काल तुम्ही गेल्यावर चुना मारून घेतला,’ ते म्हणाले. ‘स्वतः उभा रायलो. शिंदीचा कुंचा, दोन हात. पोरायच्या चित्राले बॅकग्राउंड तं पाहिजे ना, बाई.’

मी भिंतीला हात लावून पाहिला. वाळली होती. मला वाटलं, बरंच झालं, रंग आणखी उठतील. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांचं कौतुकच वाटलं. हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण ते ताटातलं आठवतं, ओवाळतानाचं आठवतं. भिंतीकडे बघून आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

गेरूचा काठ आधी झाला, झकास झाला. निळीचा तलाव झाला. मग त्या मुलीने हळदीच्या वाटीत काडी बुडवली आणि खालच्या कोपऱ्यातून झपाझप ओढायला लागली. तिला थांबून पाहायची सवय नव्हतीच. हातभर धान झालं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘अवं, लाल होऊन रायलं.’

मी वळून पाहिलं. जिथून तिने सुरुवात केली होती तिथलं धान तांबडं झालं होतं, आणि तांबडेपणा तिच्या हाताच्या मागोमाग येत होता. तिने वाटीत पाहिलं. वाटीत पिवळंच. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तळवा फ्रॉकला पुसला, पुन्हा काडी बुडवून ओढली. पुन्हा लाल.

‘आग लागली, आग लागली!’ चौथीतली पोरं ओरडायला लागली. कुणी हसलं, कुणी तिच्या नावाने ‘इनं बिघडवलं, इनं बिघडवलं’ सुरू केलं. मला तेव्हा कुठे चुना आठवला. मी ओरडले, ‘गप्प बसा!’ आणि इतक्या जोरात ओरडले की सगळा व्हरांडा गप्प झाला. तिला वाटलं, मी तिच्यावरच ओरडले. काडी खाली टाकून ती फाटकातून बाहेर पळाली. मी हाक मारली, ती थांबली नाही.

मुख्याध्यापक आले, पाहिलं आणि खुर्ची मागवून बसले. ‘आता काय करायचं?’ ते म्हणाले. रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

उरलेलं धान आम्ही तसंच सोडलं. सोमवारी साहेब आले, भिंतीसमोर जरा वेळ उभे राहिले, ‘हे काय आहे?’ म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुख्याध्यापक म्हणाले, ‘काम चालू आहे, साहेब. इथं बाराखडी येणार आहे.’ साहेब बरं म्हणाले आणि खिचडी पाहायला गेले. त्यांनी मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. मला हेच फार लागलं. नावं ठेवली असती तर निदान मी बोलले असते.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पुन्हा चुना फिरला आणि वेळापत्रकात चित्रकलेवर मुख्याध्यापकांचं तेच निळं स्केचपेन. मी शब्द दिला होता, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. शनिवारी मी फळ्यावर नफा-तोट्याची उदाहरणं घातली. पोरं माझ्याकडे पाहायची, भिंतीकडे पाहायची, वहीत खाली मान घालायची. मी बारीकसारीक कारणावरून छडी आपटायला लागले. खोलीवर गेले की स्वयंपाक करावासा वाटायचा नाही, खिडकीशी उभी राहायची, परत आत यायची. पलीकडच्या जिल्ह्यात जागा मागून घ्यावी असं मनात यायचं. तिकडे काही चांगलं वाट पाहत होतं असं नाही, पण इथून उठायला कारण तरी मिळालं असतं.

आणि ती मुलगी शाळेत येत नव्हती. पोरांना विचारलं तर म्हणायची, ‘घरीच हाय बाई, तिले बरं नाई.’ म्हणताना एकमेकांकडे पाहून हसायची. मी घरी जाऊन यावं असं रोज ठरवायची आणि एसटीची वेळ व्हायची.

दिवाळी जवळ आलेली. गावात घरोघरी चुना मारणं चालू होतं, रस्त्याने जाताना पांढऱ्याशुभ्र भिंती डोळ्यांवर यायच्या. अशाच एका सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच फाटकातून बायकांचा घोळकाच आत आला. सगळ्यांच्या पुढे त्या मुलीची आई, हातात मुलीचं बखोट. तिच्या मागे कोष्ट्यांच्या घरच्या, मागे आणखी पाचसहाजणी, सगळ्या एकदम बोलत होत्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, माझंच काहीतरी निघालं. मलाही तेच वाटलं.

‘पाहा जी सर,’ मुलीची आई म्हणाली, ‘परवा घर चुन्यानं रंगवलं. दोन दिवस कमर मोडून. अन् ह्या पोट्टीनं काय करावं? घरातली सारी हळद भिंतीले! समोरची भिंत, मागची भिंत, चुलीजवळची. सारी लाल करून ठेवली.’

‘आमच्या घरी पण येऊन गेली,’ दुसरी म्हणाली. ‘आमचा पोट्टाही तिच्यासंग. कायले करता रे म्हटलं तं म्हणते, पाहून रायलो.’

‘सारं गाव लाल करून ठेवलं, बाप्पा!’

मी मुलीसमोर जाऊन बसले. ती रडत नव्हती. पायाचा अंगठा जमिनीत फिरवत होती.

‘काहून केलं गं?’ मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझ्या तोंडात तिची भाषा आपोआप यायची.

‘बाई, मी नाई बिघडवलं,’ ती म्हणाली. ती भराभर बोलत होती, जणू मधे थांबवतील म्हणून. ‘माह्या घरी लाल झालं. मंग मी म्हटलं, माह्या हातातच काई हाय. म्हणून मंग एका पोट्ट्याच्या हातानं काढून पाह्यलं. त्याचंबी लाल झालं. एका पोट्टीच्या हातानंबी. साऱ्यायचं लालच होते, बाई. माह्या हातानं नाई. आता तं तास देऊन द्या.’

एवढे दिवस मी चिडत होते ती भिंतीवर, साहेबांवर, त्या स्केचपेनवर आणि माझ्या दोन तासांवर. आणि ही आठ वर्षांची मुलगी घरोघर हळद घेऊन फिरत होती, कारण सगळ्या वर्गाचा तास आपल्या हातामुळे गेला असं ती धरून बसली होती. ‘तुह्या हातानं नाई गं, चुन्यानं लाल होते हळद,’ मी म्हटलं. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

तिच्या आईने मधेच विचारलं, ‘कोणता तास म्हणते हे?’

मी सांगितलं. चित्रकलेचा तास बंद झाला, तिथे आता शिष्यवृत्ती चालते, एवढंच सांगितलं, जास्त काही नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, ‘तुमीच सांगा आता, पोरायनं अभ्यास करावा का भिंती रंगवाव्या?’ त्यांची खात्री होती, हा घोळका त्यांच्या बाजूचा आहे.

‘अभ्यास तं कराच जी,’ मुलीची आई म्हणाली. ‘पण ह्या पोट्ट्यायले रंगवाचंच हाय तं शाळेतच रंगवू द्या. शाळेच्या भिंती खराब करा, आमच्या कायले?’

‘अन् आमच्या घरची हळद वाचंल,’ कोष्ट्यांच्या घरची म्हणाली.

‘नाई तं सर, तुमी या दिवाळीले चुना मारून द्याले,’ आणखी कुणी म्हणालं, आणि सगळ्या हसायला लागल्या. मुख्याध्यापकांनाही हसू आवरेना. साहेबांना घाबरणारा माणूस सात-आठ बायकांसमोर कुठे टिकणार? म्हणाले, ‘बरं, बरं. एक तास. एकच. अन् दुसऱ्यात शिष्यवृत्ती.’ मी दोन मागणार होते, पण मुलीकडे पाहून एकावरच मान डोलावली.

त्या शनिवारी तास लागला. भिंत तीच, चुना आता जुना, मुख्याध्यापक व्हरांड्याच्या टोकाला उभे. तिथे त्यांचं काही काम नव्हतं, पाहायलाच आले होते. पोरांनी वाट्या मांडल्या. मी मुलीला पुढे बोलावलं. ती आली, काडी उचलली, पण वाटीत बुडवेना. एका जागी न बसणारी ती मुलगी भिंतीसमोर अगदी स्थिर उभी होती.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘बाई, आता बिघडलं तं तास पुन्हा बंद होणार नाई ना?’

तास माझा नव्हताच, शब्द द्यायचा कशाच्या जोरावर? मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. सगळा वर्गच त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी कपाळ खाजवलं. मग दोन पावलं पुढे आले.

‘नाई होणार,’ ते म्हणाले. ‘बिघडव.’

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलतात का ते तपासल्यासारखं. मग वाटी उचलून त्यांच्यासमोर धरली.

‘मंग या वाटीतच थोडा चुना देऊन द्या, सर,’ ती म्हणाली. ‘मले लालच पाहिजे.’